सायबिणीची नजर

“माय आमच्याकडे बघणा नाय.”

हे पहिल्यांदा कोण बोललं ते मी सांगू शकणार नाही. तोवर कपेलात, म्हणजे वाडीतल्या छोट्या चर्चमध्ये, नुसता आनंदीआनंद होता. नव्या रंगातली सायबीण दोरांनी वर चढवून तिच्या कोनाड्यात उभी केली होती, चार पुरुष घाम पुसत होते, बायका हात जोडून वर बघत होत्या आणि मी शिडीच्या पायथ्याशी उभी राहून कौतुकाची वाट बघत होते. वय एकवीस. त्या वयात माणूस कौतुकाची वाट जरा उघडपणेच बघतो.

मग ते वाक्य आलं आणि जोडलेले हात खाली आले.

मिंगेलबाब पुढे झाले. त्या वर्षीच्या फेस्ताचे, म्हणजे वार्षिक सणाचे, यजमान तेच होते. पोरसवाडीत दर वर्षी एक घर सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं, फेस्त अंगावर घेतं आणि त्या घरच्या कर्त्या पुरुषाला ‘प्रेजेंत’ म्हणतात. प्रेजेंत झालेला माणूस वर्षभर नवरदेवासारखा वावरतो. मिंगेल आल्फोंस तर मुळातच रुबाबदार. सगळी उमर बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून काढलेली, मिशीला मेण लावायची सवय अजून सुटलेली नव्हती. ते पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी वर बघितलं. उठून दुसऱ्या बाकावर बसले. मग तिसऱ्या. असे बसत उठत दारापर्यंत गेले आणि तिथून ओरडले,

“भिकाजी, खंय बघता रे ती?”

भिकाजी म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

“समोर बघता,” आबा म्हणाले.

“समोर आमी आसंव! आमच्या डोक्यावरसून बघता ती. ह्या काय केलास?”

आबांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी काढले होते.

आम्ही चितारी. सावंतवाडीकडचे. चतुर्थीच्या आधी दोन-तीन महिने आमच्या घराची गणपतीची शाळा व्हायची. पडवीत, माजघरात, चुलीपाशीसुद्धा गणपती. माती मळण्यापासून सोनेरी रंगापर्यंत घरातलं प्रत्येक माणूस राबायचं. पण डोळे आखायचे ते फक्त आबांनी, आणि सगळ्यात शेवटी. त्या दिवशी ते पहाटे आंघोळ करून बसायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. मला सोंड जमायची, पितांबराचे काठ जमायचे, दागिन्यांत तर आबाच मला विचारायचे. डोळ्यांच्या दिवशी मात्र माझं काम रंगाची वाटी धरून उभं राहण्याचं. मुलीनं डोळे आखू नयेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं. न लिहिलेले नियम जास्त कडक असतात.

आबांना मुलगा नव्हता आणि आदल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते बुबुळं काढायचे. त्या चतुर्थीला एका घरच्या गणपतीचा एक डोळा दुसऱ्याहून मोठा झाला. घरवाले काही बोलले नाहीत, मूर्ती डोक्यावर घेऊन गेले. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. शाळेचं पुढे काय होणार, हे आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हतं, आणि सगळ्यांच्या मनात तेच होतं.

गणपती झाल्यावर आमचे हात रिकामे असतात. तेव्हाच पोरसवाडीचं काम आलं: कपेलाचं आल्तार, म्हणजे वेदीमागची कोरीव भिंत, नव्यानं रंगवायचं, सायबिणीसकट. आबांच्या वडिलांनीही म्हणे तिथे कधीतरी सोनेरी हात मारला होता.

ते कपेल मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. खाडीवरच्या उतारावर, माडांच्या वर, पांढरंशुभ्र. पुढच्या भिंतीला दोन्ही खांद्यांवर चुन्याच्या मोठमोठ्या गुंडाळ्या, वर कळस, कळसांवर क्रूस, मधोमध शिंपल्यांच्या तावदानांची एक गोल खिडकी. समोरून बघावं तर आत दोन मजले असतील असं वाटावं. आत गेलं की एकच खोली, वर साधी कौलं.

“लग्नातल्या व्याह्यासारखा आसा,” आबा म्हणाले होते. “फुडून फेटो मोठो.”

पण आतलं आल्तार बघून मी हसायची थांबले. सबंध मागची भिंत लाकडाची आणि त्या लाकडात एक इंचसुद्धा स्वस्थ बसलेला नाही. धुतलेला पंचा पिळावा तसे पिळाचे चार खांब, त्यांच्यावर चढलेली वेल. वेल द्राक्षांची हवी, असं फादर मार्कुस म्हणाले. कोरणाऱ्यानं द्राक्षं बघितलेली नसावीत, त्यानं काजूची बोंडं लावली होती, खालच्या बियांसकट. देवदूत तर नुसते गाल आणि गळ्यापासून थेट पंख. सायबिणीच्या डोक्यावर शिंपल्याच्या आकाराची घुमटी आणि तिच्या वर सोन्याचे किरण सगळीकडे फेकणारा सूर्य. फादर तरुण होते, वसईकडचे, रविवारी मिसेला, म्हणजे प्रार्थनाविधीला, सायकलवरून यायचे. ते म्हणाले, “ह्या शैलीला बरोक म्हणतात. हिच्यात भिंतसुद्धा उभी राहत नाही, चालते.” मला ते फार आवडलं. आमच्या शाळेत कोणी असं बोलत नसे.

आम्ही खांब केले, काजू केले, देवदूतांच्या गालांना लाली दिली. शेवटी सायबीण खाली उतरवली. तिच्यावर जुन्या रंगांचे इतके थर होते की नाकडोळे बुजत चालले होते. ते सगळं खरवडून, खडीची पूड आणि सरस चढवून, घासून गुळगुळीत केलं. निळा झगा झाला, सोनेरी तारे झाले. डोळे राहिले.

आबा आंघोळ करून आले होते. बारीक कुंचला घेऊन ते तिच्यासमोर बसले आणि बसूनच राहिले. हात कापत होता. डाव्या हातानं मनगट धरलं तरी कापत होता. थोड्या वेळानं त्यांनी कुंचला वाटीवर आडवा ठेवला.

“कुंदा, ये. हय बस.”

“मी?”

“ही बायलमाणूस. बायलमाणसान डोळे आखल्यान तर हिका राग येवचो नाय.” मग दुसरीकडे बघत म्हणाले, “आणि ह्यो काय आपल्या शाळेतलो गणपती न्हय.”

दुसरं कारण खरं होतं हे मला कळलं. मला त्याचं काही वाटलं नाही. भुकेला माणूस पानात काय वाढलंय हे विचारत नाही.

मी पाटावर बसले, मूर्तीच्या चेहऱ्यासमोर चेहरा. आबा मागे उभे राहून शाळेतल्यासारखं सांगत होते, “सरळ. बुबुळ मधोमध. मूर्ती भक्ताच्या डोळ्याक डोळो भिडवन बघूक व्हयी.” मी तसंच काढलं. एकदाही हात उचलून परत टेकवावा लागला नाही. कुंचला काढून घेतला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, आणि खरं सांगते, मी लाजले. आबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि फक्त “हं” म्हणाले. आमच्या घरात त्या ‘हं’ला मोठा मान होता.

चूक कुठे झाली ते ती वर चढल्यावर कळलं. आमचा गणपती घरात चौरंगावर बसतो आणि माणूस त्याच्यापुढे जमिनीवर. नजर सरळ असली की गाठ पडते. ही सायबीण उभी होती दोन पुरुष उंचीवर. तिला ज्यानं पहिल्यांदा घडवली त्यानं हे जाणून तिची बुबुळं खाली वळवलेली असणार. नंतरच्या रंगाऱ्यांनीही ती तशीच गिरवली होती; थरांबरोबर तीही आम्ही खरवडली. डोक्यावरून बघणारा देव आमच्या धंद्यात बसतच नव्हता, त्यामुळे ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मिंगेलबाब दारातून परत आल्तारापाशी आले. रागावलेले होते, पण आवाज जड झाला होता.

“भिकाजी, मी जन्मभर बोटीर होतंय. रजेर इलंय की पयलो घराक नाय जाय, पयलो हय येय. ती खाली बघी. इलंस मां रे मिंगेल, अशी बघी. माझी बायल गेली, तिची पेटी हयच ठेयली होती, तवाय बघी. आणि आता माझ्या वर्षाक तिणां तोंड फिरवल्यान?”

“तोंड नाय फिरवल्यान, बाब—”

“परवा फेस्त. उद्या सांजपर्यंत तिची नजर खाली व्हयी. नाय तर लोक जन्मभर म्हणतले, मिंगेल प्रेजेंत होतो त्या वर्षाक मायन आमच्याकडे बघूक नाय.”

“खरवडून परत आखतंय,” आबा म्हणाले.

झालं. माझे पहिले डोळे. रंग पुरता सुकलाही नव्हता. आणि मला पक्कं ठाऊक होतं, खरवडले तर तेच शेवटचे. घरी गेल्यावर आबा म्हणणार, ‘बघलंस? म्हणान मुलींनी करूचा नसता.’ चूक त्यांच्या सांगण्याची होती, पण कुंचला माझ्या हातात होता.

माणसं जेवायला पांगली. कपेलात आम्ही दोघं उरलो, आणि लुदोविन.

लुदोविनबाय कपेलाची किल्ली सांभाळायची. झाडायची, दिवा लावायची, फुलं बदलायची. किडकिडीत, ठिगळांच्या झग्यातली बाई. आम्ही आलो त्या दिवसापासून ती आम्हाला शहाळी आणून द्यायची आणि समोर बसून बास्तूच्या गोष्टी सांगायची. बास्तू म्हणजे बास्त्यांव, तिचा एकुलता एक झील, मुलगा. बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. कुठल्याशा बंदरात खाली उतरला आणि बोट सुटली तेव्हा परत चढलेला नव्हता, एवढंच मुंबईच्या ऑफिसातून कळलं होतं. त्याला तीन वर्षं झाली होती. आधी गाव रोज विचारायचं, ‘बास्तूची काय खबर?’ मग अधूनमधून. आता कोणी विचारत नव्हतं आणि त्या न विचारण्यानंच ती खंगली होती. म्हणून तर ती आमच्यासारख्या परक्यांना सांगत बसायची.

त्या दुपारी ती झाडू हातात धरून सायबिणीकडे बघत उभी होती. मग वळून दारावरच्या गोल खिडकीकडे बघितलं. परत सायबिणीकडे.

“कुंदा, गो, जरा वर चड मगे.”

“कित्याक?”

“ती नेमकी खंय बघता, ता बघ.”

मी शिडी चढले. कोनाड्याच्या कडेला धरून मी माझा गाल सायबिणीच्या गालाला टेकवला. रंगाचा ओला वास येत होता. तिथून बाकं खाली राहत होती, दारही खाली राहत होतं. नजर जात होती ती सरळ गोल खिडकीत. मधली काही तावदानं केव्हाची गळून पडलेली, तिथून बाहेर माडांचे शेंडे दिसत होते.

“काय दिसता?” खालून लुदोविन.

“माड.”

“माडाच्या फुडे?”

“खाडी. ती वळता थंयसर.”

“तेच्या फुडे?”

“खाडयेचा तोंड.”

“आणि?”

“दर्यो,” मी म्हटलं.

ती मटकन बाकावर बसली. झाडू अजून हातातच होता. मी खाली उतरले. मग ती आबांना म्हणाली,

“भिकाजी, तीन वर्षां मी तिका सांगतंय, माझ्या बास्तूक बघ गो, माझ्या बास्तूक बघ. ती आपली खाली माझ्याकडे बघून आयकी. माझ्याकडे बघून काय उपेग? मी हयच आसंय. हरवलो तो थंय आसा.” तिनं खिडकीकडे हात केला. “आता बघूक लागली. ते डोळे खरवडू नको रे.”

 आबा तिच्याहून मोठे होते, पण एकदम लहान दिसायला लागले.

“लुदोविनबाय, काम गावाचा. गाव सांगता ता माका करूक व्हया. नाय केलंय तर परत खंयच्या देवळात, खंयच्या कपेलात माका कोण बोलावतलो?”

“ता खरा,” ती म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ‘ता खरा’ म्हणाली आणि उठून झाडायला लागली. जिथे आधीच झाडलं होतं तिथेच.

आबा पातं घेऊन शिडी चढले. मी शिडी धरली. त्यांनी डावा हात सायबिणीच्या कपाळावर ठेवला आणि उजव्या हातानं पातं डोळ्यापाशी नेलं. पात्याचं टोक तिच्या गालावर टकटक आपटायला लागलं. ते थांबले, दम घेतला, परत नेलं. परत टकटक. मग ते तसेच खाली उतरले आणि पातं माझ्यापुढे धरलं.

“माझ्यान जावचा नाय. गाल खराब जातलो. तूच खरवड.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आबांपुढे मी कधी रडत नसे. त्यांनी बघितलं आणि नजर वळवली, पण पातं मागे घेतलं नाही.

मी चढले. काय करणार? वर जाऊन एक हात सायबिणीच्या पाठीमागे नेला, खांद्याला धरून आधार घेतला, आणि पातं उचललं. पाय शिडीवर नीट टेकेना म्हणून मी जरा जास्त भार दिला असावा. मूर्ती माझ्या हाताबरोबर पुढे कलली. अगदी थोडी. मी तिला गच्च धरून ठेवली. आणि खालून लुदोविन ओरडली,

“बघल्यान! माझ्याकडे बघल्यान!”

मी मूर्ती हळूच मागे सोडली.

“आता?”

“आता नाय.”

परत कलती केली.

“आता बघता! आवय गे, बघता!”

मी वरून आबांकडे बघितलं. आबा माझ्याकडे बघत होते. शाळेत एखादा गणपती पाटावर तिरका बसला की आम्ही काय करतो, हे आम्हा दोघांना एकाच वेळी आठवलं असणार. कारण मी तोंड उघडायच्या आत ते पिशवीत हात घालून लाकडाचा तुकडा शोधायला लागले होते.

फणसाच्या लाकडाची पाचर त्यांनी तिथेच बसून तासली. तासायला हात थरथरला तरी चालतो. मी ती सायबिणीच्या बैठकीखाली मागच्या बाजूनं सरकवली आणि मूर्ती पडू नये म्हणून पाठीमागच्या कडीला तांब्याची तार बांधली. सायबीण जरा वाकली. खिडकी, खाडी, दर्या सगळं सोडून ती बाकांकडे बघायला लागली. डोळ्यांना कोणी हातही लावला नव्हता.

संध्याकाळी मिंगेलबाब आले. पहिल्या बाकावर बसले.

“माझ्याकडे खंय बघता? ती पाठल्या बाकाकडे बघता.”

“पाचर जाड केलंय तर ती तुमच्या मांडयेर येतली, बाब,” आबा म्हणाले.

ते दुसऱ्या बाकावर सरकले. तिसऱ्या बाकावर बसल्यावर मात्र पुढे सरकले नाहीत. बराच वेळ वर बघत राहिले. मिशी हलायला लागली. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं आणि कोणाकडे न बघता म्हणाले, “इलंय गो माय.” त्या फेस्ताला पोरसवाडीचे प्रेजेंत पहिला मानाचा बाक सोडून तिसऱ्या बाकावर बसले. का बसले ते बऱ्याच जणांना कळलं नाही.

ते गेल्यावर आबा सामान आवरायला लागले. मला म्हणाले, “पाचरीक सरस लाव आणि एक बारीक खिळो मार. म्हणजे हलूची नाय.”

मी सरसाची वाटी, कुंचला आणि खिळा घेऊन शिडीकडे गेले. शिडी लुदोविननं धरली. ती काही बोलली नाही. काही मागितलंही नाही. मी दुसऱ्या पायरीवर असताना तिनं एकदा गोल खिडकीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे, बस्स.

मी वर गेले. पाचरीला हात लावून बघितला. घट्ट होती, पण ओढली तर निघाली असती. तार शाबूत होती, मूर्ती पडायची भीती नव्हती. मी थोडा वेळ उगाचच वर उभी राहिले आणि खाली उतरले.

आबांनी माझ्या हातातून कुंचला घेतला. त्याच्या केसांवरून बोट फिरवलं. कोरडा. खिळाही वाटीतच पडलेला होता. त्यांनी लुदोविनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वाटी, कुंचला, खिळा सगळं एका फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं.

“चल,” म्हणाले, “गाडी चुकात.”

एसटीच्या फाट्यापर्यंत आम्ही चालत गेलो. मला वाटत होतं, आता ओरडतील, मग ओरडतील. फाट्यावर पिंपळाच्या पारावर बसल्यावर ते म्हणाले,

“फुडल्या चतुर्थेक डोळे तू आख.”

“खंयचे?”

“सगळे.” ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. “पण गणपती बसलेल्या माणसाक बघूक व्हयो हां. दर्याक नाय.”

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. पिंपळाखाली बसलेल्या मासेवालीनं माझ्याकडे बघून आबांना विचारलं, “चेडवाचा लगीन ठरला काय?” आबा म्हणाले, “तसाच समज.”

लग्न पुढे झालं, यथावकाश. डोळे मात्र त्या चतुर्थीपासून आजवर मीच आखते आहे. आबा मागे उभे राहायचे, मग खुर्चीत बसायचे, मग नुसता फोटो झाला.

पोरसवाडीला परत जायचा योग यायला माझे केस पांढरे व्हावे लागले. तेच काम, आल्तार परत रंगवायचं. निरोप पाठवणारेही तेच, मिंगेल आल्फोंस. मिशीला आता मेण नव्हतं, हातात काठी होती. लुदोविन गेली होती आणि कपेलाची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

आत शिरले आणि सवयीनं आधी वर बघितलं. सायबीण सरळ उभी होती. नजर आमच्या डोक्यांवरून खिडकीतून बाहेर.

“बाब, पाचर पडली काय?”

“पडूक कित्याक? काढलेली आसा.” त्यांनी काठीनं दाखवलं. आल्ताराच्या बाजूला, काजूच्या वेलीवर ठोकलेल्या एका खिळ्याला, दोरीनं ती पाचर टांगलेली होती. हात लागून लागून काळी झाली होती, रोजच्या पोळपाटासारखी गुळगुळीत. “आज बुधवार मां?”

मला काही कळलं नाही हे बघून ते तिसऱ्या बाकावर बसले. मला शेजारी बसवलं.

“तुमी गेल्यात त्याच रातीपासून लुदोविन ती पाचर काढी. आयताराक, फेस्ताक सकाळी परत लावी. आमका खबर नाय. मगे माझो झील आंतोन बोटीर गेलो. एका वर्षाक वादळ जाला आणि तेच्या बोटीची खबर येयना. मी हय येवन बसंय, दिसरात. एका दिसा लुदोविन इली. शिडी लायल्यान, चडली, आणि ती पाचर काढून माझ्या हातात दिल्यान. म्हणता, ‘मिंगेल, तुझ्याकडे बघून काय उपेग?’”

“आणि आंतोन?”

“इलो. आता कुडाळाक दुकान आसा तेचा. पोट सुटला.” ते हसले. “तवासून नेम जालो. आयताराक पाचर लावची, माय आमची. बाकीचे दिस काढूची, माय भायर गेलेल्यांची. गावातलो अर्धो माणूस तर भायरच आसा.”

“बास्तू?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. 

दुसऱ्या दिवशी सायबीण खाली उतरवली. रंग उडाला होता, बुबुळांच्या कडा फिकट झाल्या होत्या, परत आखावे लागणार होते. मी पाट घेतला आणि मिंगेलबाबांना म्हटलं, कारण म्हणणं भाग होतं, “बाब, आता मी शिकलंय. तुमका खाली बघणारे डोळे काढून देतंय. ती पाचर लावची-काढूची दगदग नको. ह्या वयात शिडी चडतास.”

माझ्यावर काठी उगारतील असं क्षणभर वाटलं.

“लुदोविन गेली तो आयतार,” ते म्हणाले. “आयतार म्हणजे पाचर लावची. कपेल भरलेला, मधी तिची पेटी. मी पाचर घेवन शिडयेर चडलंय. वरसून खाली बघलंय तर ती पेटयेत पडलेली. माका वाटला, आता मायक खाली बघूक लायलंय तर ती हिका बघतली. ही तर इली हय. हिचो झील अजून भायरच आसा. आता तेका कोण बघतलो?” त्यांनी नाक शिंकरलं. “तसोच उतारलंय. पाचर खिशात. मीस सुरू जाली. माय सगळ्यांच्या डोक्यावरसून भायर बघता, आणि सगळो गाव गप बसलो. एक माणूस बोलाक नाय. फादर नवो होतो. तो माझ्या कानाक लागान इचारता, मिंगेलबाब, माय आज आपल्याकडे का बघत नाही?”

“मग?”

“सांगलंय, फादर, तुमी मीस चालू ठेवा. माय कामात आसा.”

मी पाट सायबिणीच्या अगदी समोर मांडला, बसले, आणि बुबुळं मधोमध आखली.